ज्याला काही नको होतं

माझ्या हाताखाली आठ माणसं होती. वरून निरोप आला की त्यातलं एक नाव शुक्रवारपर्यंत द्या. मी माझ्या मित्राचं दिलं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे गाणीबजावणी आहे, थोडी गंमतही आहे, आणि ते वाचता वाचता कुणाला मी आवडायला लागलो तर ते मला नको आहे.

मित्र नागपूरचा. मी इथला, बेंगळुरूचा. आमच्या घराण्यातलं कोण कधी आणि कशाला इकडे आलं हे आता घरात कुणालाच धड सांगता येत नाही. राजाजीनगरात घर आहे, घरात मराठी आहे आणि त्या मराठीत निम्मं कन्नड आहे. पहिल्याच दिवशी मी त्याला "स्वल्प थांब, येतो" म्हणालो, तर तो पठ्ठ्या आठवडाभर ऑफिसातल्या प्रत्येकाला स्वल्प थांबायला सांगत फिरला. मीही त्याच्या 'जाऊन राहिलो, खाऊन राहिलो'वर उट्टं काढलं. एकदा कँटीनमध्ये बोलता बोलता तो चमच्याने ताटाच्या कडेवर ठेका धरून बसला होता. ठेका उलटा होता. मी समोरून टेबलावर अंगठ्याने त्यातल्या रिकाम्या जागा भरायला लागलो. त्याने मान वर करून पाहिलं. मैत्री व्हायला एवढं पुरलं.

उलटा म्हणजे काय ते सांगायला हवं. आपल्याकडे भजन असो की सिनेमातलं गाणं, टाळी पहिल्या मात्रेवर पडते. रेगेमध्ये बहुतेक वेळा ती पहिली मात्राच मोकळी सोडतात. सगळे जिथे टाळी द्यायला हात उचलतात तिथे काही वाजतच नाही, आणि हात खाली आल्यावर गिटार 'च्यक' करून जाते. हे संगीत जमैकातल्या गरीब वस्त्यांमधून आलं. दिवसभर ज्यांना दुसऱ्याच्या घड्याळावर चालावं लागायचं त्यांनी निदान ठेका तरी आपल्या मर्जीने चुकवला, असं आम्ही आपलं समजायचो. त्या गाण्यांत मालक, पोलीस, बाजार, सगळ्या व्यवस्थेला मिळून एकच नाव असतं, बॅबिलॉन. माझ्या आईला मात्र रेगे हे आडनावच वाटायचं. मुलगा दर शनिवारी गिटार घेऊन कुठल्या रेग्यांकडे जातो, आणि ते लोक त्याला एकदाही जेवायला कसे ठेवून घेत नाहीत, अशी तिची तक्रार असायची.

आम्ही जमायचो ते त्याच्या जयनगरच्या भाड्याच्या घरी. मालक वरच्या मजल्यावर राहायचे आणि त्यांना ऐकू कमी यायचं. वाजवणाऱ्यांना याहून चांगला मालक मिळत नाही. मी बेस गिटार वाजवायचो, तो गिटार वाजवून गायचा, ड्रमवर माझ्याच गल्लीतला एक शेजारी. बारा वर्षं आम्ही वाजवलं. आम्हाला कुणी ओळखत नव्हतं आणि त्याचाही आम्हाला थोडा गर्व होता.

आमचं एकच गाणं खरं चांगलं होतं. ते त्याने लिहिलं, पण त्याचं मूळ माझ्या घरातलं. माझे अप्पा चिकपेटात साड्यांच्या एका घाऊक दुकानात आयुष्यभर विक्रीला बसले. पांढऱ्या गादीवर मांडी घालायची, गिऱ्हाइकापुढे एक साडी उलगडायची, मग दुसरी, मग तिसरी. गिऱ्हाईक बसलेलं असेपर्यंत एकीचीही घडी घालायची नाही, हा तिथला नियम. घडी घातली की गिऱ्हाइकाला वाटतं, झालं, आता उठावं. ते उठल्यावर त्या ढिगाच्या घड्या घालून अप्पा घरी यायचे, आणि आई त्यांच्यासाठी नवीन बनियन आणायचं म्हणाली की म्हणायचे, राहू दे, जुनं आहे, चालतंय. हे मी मित्राला सांगितलं आणि पुढच्या शनिवारी तो गाणं घेऊन बसला. फोन जुना आहे, चालतोय. चप्पल जुनी आहे, चालतेय. पंखा जुना आहे, ओरडतो, चालतोय. शेवटच्या कडव्यात तेच कन्नडमध्ये, हळेदु, ओडुत्ते. 'आहे'नंतर तो थांबायचा. ऐकणाऱ्याला वाटायचं की आता हा टाकून द्यायचं म्हणणार. मग तो सावकाश 'चालतोय' सोडायचा आणि माझा बेस खालून यायचा. तेवढ्या क्षणापुरतं मला खरंच वाटायचं की शहरातली सगळी दुकानं आम्ही बंद पाडली आहेत.

आणि तो राहायचाही तसाच. केस वाढवले, त्यांच्या जटा होऊ दिल्या, त्या खांद्याखाली आल्या. फोनच्या काचेला तडे, चप्पल तीनदा शिवलेली, कॉलर उसवलेला तोच निळा शर्ट. सकाळी टेक पार्कच्या फाटकात गाठ पडली की विचारायचा, काय बे, बॅबिलॉनला निघाला काय? मी हसायचो. माझ्या घरी तोवर टीव्ही दोनदा बदलून झाला होता आणि बायको तिसऱ्याचं बोलत होती. त्याच्याकडे बघून मला बरं वाटायचं. आपल्यातला एक तरी यातून सुटला, असं म्हणून मी निर्धास्तपणे पुढचं पार्सल मागवायचो. तो माझ्या वतीने साधेपणाने राहत होता. हे आज लिहिता येतं. तेव्हा त्याला मी आदर म्हणत होतो.

मग ऑफिसचा वार्षिक समारंभ आला. सांस्कृतिक समितीला कुठून तरी कळलं की आमच्या मजल्यावर रेगे वाजवणारे आहेत. आम्ही नको नको म्हणत तयार झालो. आपण बॅबिलॉनच्या पोटात शिरून गाणार, असं काहीतरी मोठं बोललो होतो एकमेकांशी. प्रत्यक्षात काय झालं, तर आमचे सगळ्यात वरचे साहेब लाल-पिवळी-हिरवी टोपी आणि तिला चिकटवलेल्या खोट्या जटा घालून पहिल्या रांगेत नाचले. 'चालतोय'वर सातशे माणसं ओरडली. त्यांच्या मागे स्वागतकक्षात त्या दिवशी आलेल्या पार्सलांचे खोके छातीपर्यंत रचलेले होते. गाणं संपल्यावर समितीच्या बाईंनी आम्हा तिघांना स्टेजवर बोलावून बक्षीस दिलं. ऑनलाइन खरेदीची कूपनं.

मी ते कूपन खिशात घातलं आणि त्याचं ज्यूसर घेतलं. ड्रमवाल्याने काय केलं आठवत नाही. पण मित्राबद्दल दुसऱ्या दिवशी बातमी पसरली की त्याने कूपन फाडून कचऱ्याच्या डब्यात टाकलं. मी त्याला विचारलं तर तो नुसता हसला. ती गोष्ट मी पुढे किमान पन्नास जणांना सांगितली असेल. नवीन माणूस टीममध्ये आला की आधी लॅपटॉप मिळायचा आणि मग कूपनाची गोष्ट. महिनाभरात कंपनीने त्याचा फोटो काढला, जटांसकट, आणि भरतीच्या जाहिरातीवर लावला. वर लिहिलं होतं, आमच्याकडे या, जसे आहात तसे या. लिफ्टमध्ये, जेवणघरात, पाण्याच्या यंत्राशेजारी, जिकडे तिकडे तो. मी त्याची थट्टा केली. तो म्हणाला की घरी आईला पाठवलाय, ती नागपुरात सगळ्यांना दाखवून राहिली आहे. मला ते विनोदी वाटलं. तो विनोद करत नव्हता.

आता ती यादी. साहेबांनी आम्हा सगळ्या मॅनेजरांना बंद खोलीत बसवून समजावलं की हे कामावरून काढणं नाही, ही फेररचना आहे, आणि प्रत्येकाने एकच नाव द्यायचं आहे, म्हणजे कुणावर अन्याय व्हायला नको. मी चार दिवस ती आठ नावं डोक्यात घोळवली. एकीला दिवस गेलेले. एकाला जुळी मुलं. एकाचे वडील दवाखान्यात. एकाने नुकतंच घर घेतलेलं. प्रत्येक नावापुढे मला काहीतरी दिसत होतं जे मोडेल. फक्त त्याच्या नावापुढे काही दिसत नव्हतं. कामात तो बाकीच्यांहून वाईट नव्हता, दोघातिघांहून चांगलाच होता. पण मला वाटलं, या सगळ्यांत हा एकटा मोकळा आहे. याला काही नको असतं. नोकरी गेली तर तो खांदे उडवेल, एखादं गाणं लिहील, आणि कदाचित मनातल्या मनात मला धन्यवादही देईल. मी खरोखर असा विचार केला. त्यात भर म्हणून, तो माझ्याशी भांडणार नाही हेही मला ठाऊक होतं, आणि ते मी स्वतःला सांगितलं नाही.

शुक्रवारी नाव दिलं. सोमवारी सकाळी त्याला कॉलवर घेतलं. नियमाप्रमाणे मनुष्यबळ खात्यातली एक बाई आणि मी. बोलायचं काय ते आम्हाला लिहून दिलं होतं. मी ते वाचलं. त्याचा कॅमेरा चालू होता, मागे भिंतीला टेकवलेली गिटार दिसत होती. माझं वाचून झाल्यावर त्याने एकच विचारलं, नाव कोणी दिलं. बाई म्हणाली की ती माहिती देता येत नाही. तो माझ्याकडे बघत होता. मी खाली, त्या कागदाकडे. "ठीक आहे," एवढं म्हणून तो निघून गेला.

त्या शनिवारी मी गिटार घेऊन जयनगरला गेलो नाही. त्याच्या पुढच्याही नाही. फोन केले, त्याने उचलले नाहीत. पहिले काही दिवस मला त्याचा रागच आला. एवढं व्यवस्थेविरुद्ध गायचं आणि व्यवस्थेने बाहेर काढलं की रुसायचं, हे काय? असं मी बायकोला बोलूनही दाखवलं. अप्पा तिथेच खुर्चीत बसले होते. ते आता फारसं बोलत नाहीत, पण त्या दिवशी त्यांनी सगळं नीट विचारून घेतलं, किती माणसं, कोण कोण, याचंच का. मी सांगितलं, त्याला तशी काही गरज नव्हती, अप्पा.

"तू विचारलंस का रे मरी त्याला," अप्पा म्हणाले. मरी म्हणजे कन्नडमधलं बाळ, ते मला अजून तेच म्हणतात. "काय पाहिजे म्हणून. आम्ही दुकानात पायरी चढलेल्या परक्यालासुद्धा पहिलं तेच विचारायचो."

मी म्हणालो, त्याचं गाणंच आहे तसं. अप्पांनी माझ्याकडे पाहिलं आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

दोन महिन्यांनी मी न कळवता त्याच्या घरी गेलो. दार वहिनींनी उघडलं. या भाऊजी, म्हणाल्या, पण बाजूला व्हायला त्यांना जरा वेळ लागला. तो आतून आला आणि मी क्षणभर त्याला ओळखलंच नाही. जटा नव्हत्या. केस बारीक कापलेले, भांग पाडलेला, कानाच्या वरची कातडी कधी ऊन न पाहिल्यासारखी पांढरी. मुलाखती सुरू होत्या. दोन ठिकाणी सगळं जमत आलेलं असताना शेवटच्या फेरीत नकार आला, तेव्हा वहिनींनीच न्हाव्याकडे नेलं, असं त्याने सांगितलं. तक्रार अशी नव्हती त्याच्या बोलण्यात.

मला चहा करायला वहिनी आत गेल्या आणि स्वयंपाकघराचं दार उघडं राहिलं. बारा वर्षांत मी ते दार कधी उघडं पाहिलं नव्हतं. आम्ही वाजवायला जायचो तेव्हा ते लावलेलं असायचं. आवाजाचा त्रास नको म्हणून असेल, असं मी धरून चाललो होतो. आत दोन दारांचा भलामोठा फ्रीज होता, चंदेरी, बाहेरून पाणी देणारा. शेजारी भांडी धुण्याचं यंत्र. ओट्यावर माझंच ज्यूसर होतं, म्हणजे त्याच कंपनीचं, त्याच रंगाचं. मी बघत राहिलो आणि त्याने मला बघताना पाहिलं.

"कूपन मी फाडलं नव्हतं," तो म्हणाला. "कोणी तरी उठवलं आणि तुम्हाला सगळ्यांना ते इतकं आवडलं, की मग सांगता नाही आलं."

मी विचारलं, मग इतकी वर्षं तो फोन, ती चप्पल?

"अबे, नवीन फोन घेतला होता मी. दोनदा. घरी ठेवून यायचो. तो घेऊन ऑफिसात आलो असतो तर पहिला तूच हसला असतास. म्हणाला असतास, झाला हाही. तुम्हाला लोकांना एक माणूस तसा पाहिजे होता. मी राहिलो तसा. आणि गाणं खोटं नव्हतं. मला हे सगळं पाहिजे होतं आणि पाहिजे आहे याची लाज वाटायची, म्हणून तर गाणं होतं. ज्याला काहीच नको तो काहून गाईल?"

मी माफी मागितली. कुठल्या शब्दांत ते लिहीत नाही, ते शब्द चांगले नव्हते. मध्येच मी बाकीच्या सात जणांचं सांगायला लागलो, जुळ्या मुलांचं, दवाखान्यातल्या वडिलांचं. त्याने ऐकून घेतलं. मग शांतपणे सांगितलं की नागपूरला त्याची आई असते, तिच्या आजारपणाचा विमा कंपनीतर्फे होता, तो गेला, आणि त्या वयात नवीन विमा कुणी देत नाही. ही गोष्ट मला ठाऊक नव्हती. आम्ही ठेक्यावर तासन्‌तास बोललो होतो, जमैकावर बोललो होतो, बाजाराने माणसाचं काय केलं यावर तर किती बोललो होतो. त्याची आई कशी आहे हे मी बारा वर्षांत फार तर चार वेळा विचारलं असेल, तेही निघता निघता, चप्पल घालताना.

चहा झाला. उठताना तो म्हणाला की एके ठिकाणी जवळपास ठरलं आहे, जुन्या मॅनेजरला फोन करून खात्री करून घेणार आहेत, आणि त्याला माझाच नंबर द्यावा लागला आहे. दुसरा कुणी नाही.

"चांगलं सांग एवढंच," तो म्हणाला. "आणि गाण्याचं काही नको सांगू."

फोन आठवड्याने आला. मी पार्किंगमध्ये गाडीत बसून घेतला. बाई हिंदीत बोलत होती, आवाज गोड, प्रश्न छापील. कामाला वेळेवर येतो का? येतो. टीममध्ये मिसळतो का? मिसळतो. वरिष्ठांचं ऐकतो का? ऐकतो. कशावर वाद घालायची, उलट बोलायची सवय? नाही, तशी काही नाही. तुमच्याकडून का गेला? मी सांगू लागलो की त्यात त्याची काही चूक नव्हती, चूक माझी होती, तर तिने मला नम्रपणे थांबवलं. तिच्याकडे दोनच पर्याय होते, स्वतःहून किंवा फेररचना. मी फेररचना म्हणालो. मग तिने विचारलं, आजकाल विचारावंच लागतं म्हणाली, की नोकरीबाहेर तो आणखी काही करतो का? बाजूची कामं, एखादा बँड वगैरे, लक्ष दुसरीकडे जाईल असं काही?

मी म्हणालो, नाही. असं त्याचं काही नाही, मी त्याला बारा वर्षं ओळखतो. ऑफिस आणि घर, एवढंच. अगदी चारचौघांसारखा माणूस आहे.

तिने समाधानाने आभार मानले. पुढच्या सोमवारी तो रुजू झाला, हे मला वहिनींनी बायकोला पाठवलेल्या निरोपातून कळलं. नव्या कंपनीतर्फे आईचा विमा झाला आहे असंही त्यात होतं. त्याने मला फोन केला नाही आणि मी त्याला केला नाही. बारा वर्षांत मी त्याच्या खऱ्या उपयोगी पडलो तो त्या एका फोनवर, आणि त्यासाठी मला ती बारा वर्षं झालीच नाहीत असं सांगावं लागलं.